मुंबईत एड्सचं काम महापालिका बघते, मग अमरावती-अकोल्यात कोण बघतं?

एचआयव्हीची चाचणी करायची म्हटलं की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न आजाराचा येतच नाही. इर्विनमध्ये गेलो आणि शेजारचा कोणी भेटला तर? नाव रजिस्टरमध्ये गेलं आणि गावात कळलं तर? अमरावती असो की अकोला, शहर मोठं असलं तरी ओळखी खूप आहेत. या भीतीपायी लोक चाचणी पुढे ढकलतात आणि तब्येत पार ढासळल्यावर दवाखान्यात पोचतात.

खरं तर आज महाराष्ट्रात एचआयव्हीची चाचणी, औषधं आणि समुपदेशन हे सगळं सरकारी दवाखान्यात मोफत आहे. नाव गुप्त ठेवणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. पण ही व्यवस्था नेमकी कोण चालवतं, महापालिका की जिल्हा रुग्णालय, हे अनेकांना माहीत नसतं. ते समजून घ्यायचं तर आधी मुंबईची गोष्ट पाहावी लागेल. भारतात एड्ससाठी स्वतःची वेगळी संस्था काढणाऱ्या मोजक्या महापालिकांपैकी एक मुंबईची आहे.

सुरुवात कशी झाली?

भारतात एचआयव्हीचा संसर्ग पहिल्यांदा सापडला तो १९८६ मध्ये, चेन्नईत. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेलप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या महिलांचे रक्तनमुने तपासले आणि त्यातल्या काहींमध्ये हा विषाणू आढळला. त्याच वर्षी मुंबईतही एड्सचा रुग्ण नोंदवला गेला.

तेव्हा औषध नव्हतं. आजाराबद्दल माहिती कमी होती आणि घबराट जास्त. सरकारांची पहिली प्रतिक्रियाही घबराटीचीच होती. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा या तरुणाने रक्तदान केलं, त्यात तो एचआयव्हीबाधित असल्याचं कळलं आणि त्याला थेट पोलिसांकरवी ताब्यात घेण्यात आलं. एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला दोन महिने एकटं कोंडून ठेवलं गेलं. गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्यात बाधित माणसाला वेगळं ठेवण्याची तरतूद होती. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, पण न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली.

कोंडून ठेवण्याचा मार्ग चुकीचा का होता? एचआयव्ही हवेतून पसरत नाही. सोबत जेवल्याने, हात मिळवल्याने, एकच संडास वापरल्याने, डास चावल्याने तो होत नाही. असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, दूषित सुई आणि आईकडून बाळाला, हे त्याचे चार रस्ते. माणसाला कोंडून यातला एकही रस्ता बंद होत नाही. उलट कोंडतील या भीतीने बाकीचे चाचणीलाच येत नाहीत आणि संसर्ग गुपचूप वाढत राहतो.

मुंबई महापालिकेने काय केलं?

मुंबईचं एक वेगळेपण आहे. इथली मोठी रुग्णालयं महापालिकेची स्वतःची आहेत. केईएम, सायन, नायर ही तिन्ही वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालयं, त्याशिवाय उपनगरांतली रुग्णालयं, प्रसूतिगृहं आणि दवाखाने. त्यामुळे एड्सची लाट आली तेव्हा तिचा पहिला भार महापालिकेच्या वॉर्डांवर आला.

शहरात कामाठीपुऱ्यासारखी वस्ती होती. देशभरातून आलेले, कुटुंब गावी ठेवून राहणारे लाखो कामगार होते. १९९० च्या दशकात मुंबईतल्या देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या तपासण्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण निम्म्याच्या आसपास पोचलं होतं. मुंबईत पसरलेला संसर्ग रेल्वेने आणि ट्रकने गावोगाव जाणार हे उघड होतं. अमरावती आणि अकोल्याहून मुंबईला कामाला गेलेल्या माणसाचं घर वऱ्हाडातच होतं, बायको वऱ्हाडातच होती.

केंद्र सरकारने १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, स्थापन केली. पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही त्याच वर्षी सुरू झाली. पुढे राज्याराज्यांत एड्स नियंत्रण संस्था निघाल्या आणि १९९८ मध्ये मुंबई महापालिकेच्या अखत्यारीत मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था सुरू झाली. उर्वरित महाराष्ट्रासाठी महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था वेगळी. अशी शहराची स्वतंत्र संस्था मुंबईखेरीज अहमदाबाद आणि चेन्नई या दोनच महापालिकांना मिळाली.

वेगळी संस्था का लागली? महापालिकेत एखादी वस्तू विकत घ्यायची किंवा एखादी संस्था कामाला लावायची तर फाईल अनेक टेबलांवरून फिरते. नोंदणीकृत संस्था असली की केंद्राचा निधी थेट येतो, माणसं कंत्राटावर घेता येतात आणि स्वयंसेवी संस्थांशी करार लवकर होतात. दवाखाने, डॉक्टर आणि इमारती मात्र महापालिकेच्याच राहतात.

ऑक्वर्थ म्हणजे कोण?

या संस्थेचं कार्यालय वडाळ्याला ऑक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारात आहे. हे ऑक्वर्थ म्हणजे एकोणिसाव्या शतकातले मुंबईचे महापालिका आयुक्त. शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे गोळा करून छापणारे ऑक्वर्थ साहेब तेच. रस्त्यावर पडलेल्या बेघर कुष्ठरुग्णांसाठी त्यांनी १८९० मध्ये माटुंग्याला आश्रयस्थान उभं केलं, त्याचंच पुढे हे रुग्णालय झालं.

वऱ्हाडच्या माणसाला यात ओळखीचं काहीतरी दिसेल. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारलं. कुष्ठरोगाचा इतिहास पाहिला तर आजारापेक्षा लोकांच्या नजरेने माणसं जास्त मारली. औषध आलं, आजार बरा होऊ लागला, तरी घरचे परत घेईनात. एड्सच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होऊ द्यायची नव्हती.

वस्तीत जाऊन काम

शहराच्या कामात सगळ्यांत उपयोगी पडली ती एक साधी गोष्ट. ज्यांना धोका जास्त, त्यांच्यातल्याच माणसांना कामाला लावायचं. देहविक्रय करणाऱ्या बाईला डॉक्टरने भाषण देऊन फरक पडत नाही. तिच्याच गल्लीतली बाई निरोध घेऊन आली, गिऱ्हाईकाला नाही कसं म्हणायचं ते तिने सांगितलं आणि तपासणीला सोबत गेली, तर फरक पडतो. हिला सरकारी भाषेत 'पिअर एज्युकेटर' म्हणतात.

समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथीयांमध्येही असंच काम झालं. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या हमसफर ट्रस्टला महापालिकेने सांताक्रूझच्या वाकोल्यात आपल्याच जुन्या इमारतीत जागा दिली. त्या वेळी समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा होता. गुन्हा मानल्या गेलेल्या लोकांच्या संस्थेला एका महापालिकेने जागा द्यावी, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

बाकी कामं कमी चर्चेची पण तितकीच मोलाची होती. लैंगिक आजारांचे दवाखाने, गरोदर बायांची तपासणी, रक्तपेढ्यांवर लक्ष. दात्याच्या रक्ताची एचआयव्ही चाचणी देशात १९८९ पासून बंधनकारक झाली आणि पैसे घेऊन रक्त विकण्यावर १९९८ पासून बंदी आली. त्यामुळे रक्तातून होणारा संसर्ग खूप कमी झाला.

न्यायालयाची भूमिकाही बदलली. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक खटला चालला. एका सार्वजनिक कंपनीने हंगामी कामगाराला तो एचआयव्हीबाधित आहे म्हणून काम नाकारलं होतं. न्यायालयाने सांगितलं की माणूस काम करायला सक्षम असेल आणि इतरांना धोका नसेल, तर फक्त एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. त्याचं नाव उघड होऊ नये म्हणून खटलाही टोपण अक्षरांनी चालवू दिला. गोव्याच्या प्रकरणाला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती.

औषध आलं आणि चित्र बदललं

१ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, मोफत द्यायला सुरुवात केली. सुरुवात देशातल्या अवघ्या आठ सरकारी रुग्णालयांतून झाली. महाराष्ट्रात पहिलं नाव होतं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचं. म्हणजे तेव्हा अकोल्याच्या रुग्णाला मोफत औषध हवं असेल तर रात्रभर रेल्वेत बसून मुंबई गाठावी लागायची. रोजंदारीवरच्या माणसाला हे दर महिन्याला कसं जमणार?

म्हणून पुढचा टप्पा होता केंद्रं जिल्ह्यांत नेण्याचा. आज जिल्ह्याच्या ठिकाणी एआरटी केंद्र असतं आणि तालुक्याच्या ठिकाणी 'लिंक एआरटी' केंद्रं असतात. तब्येत स्थिर झालेल्या रुग्णाला जवळच्या लिंक केंद्रातून गोळ्या मिळू शकतात.

आधी शरीरातल्या सीडी-४ पेशी ठरावीक आकड्याखाली गेल्यावरच औषध सुरू व्हायचं. एप्रिल २०१७ पासून ही अट गेली. आता निदान झालं की लगेच उपचार. बहुतेक प्रौढांना टेनोफोविर, लॅमिवुडीन आणि डोलुटेग्रॅविर या तीन औषधांची मिळून दिवसाला एकच गोळी घ्यावी लागते.

मग अमरावती-अकोल्यात कोण?

मुंबईसारखी महापालिकेची वेगळी एड्स संस्था अमरावतीत नाही आणि अकोल्यातही नाही. अमरावती महापालिका १९८३ ची आणि अकोला महापालिका २००१ ची. दोन्ही शहरांत मोठी रुग्णालयं राज्य सरकारची आहेत. त्यामुळे इथली साखळी अशी चालते.

• वर राज्य एड्स नियंत्रण संस्था, मुंबईत वडाळ्याला.
• जिल्ह्यात जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक, ज्याला सगळे 'डापकू' म्हणतात. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या यंत्रणेशी ते जोडलेलं असतं.
• चाचणीसाठी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, म्हणजे आयसीटीसी. जिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत ही केंद्रं असतात.
• उपचारासाठी एआरटी केंद्र. अमरावतीत चौकशीची जागा म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय, आपलं इर्विन. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय.
• गरोदर बायांसाठी अमरावतीत डफरिन आणि अकोल्यात जिल्हा स्त्री रुग्णालय.

महापालिकेचा वाटा यात कुठे येतो? शहरी आरोग्य केंद्रांत. गरोदर बाई पहिल्या तपासणीला तिथेच येते आणि तिची एचआयव्ही तपासणी तिथेच करता येते. क्षयरोगाचा रुग्णही अनेकदा तिथेच सापडतो. प्रत्येक क्षयरुग्णाची एचआयव्ही तपासणी आणि प्रत्येक एचआयव्हीबाधिताची क्षयरोग तपासणी करायची असा नियम आहे, कारण एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूचं सगळ्यांत मोठं कारण क्षयरोग आहे. म्हणजे महापालिकेची वेगळी संस्था नसली तरी तिच्या दवाखान्यातली परिचारिका या साखळीची पहिली कडी असते.

वऱ्हाडातून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. मेळघाटातले मजूर कामासाठी घर सोडतात. जिनिंगवर बाहेरचे कामगार येतात. म्हणून ट्रकचालक, स्थलांतरित मजूर, देहविक्रय करणाऱ्या महिला, समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यासाठी राज्यात स्वयंसेवी संस्थांमार्फत प्रकल्प चालवले जातात. मुंबईत शिकलेला धडाच इथे वापरला जातो: ज्यांच्यात काम करायचं, त्यांच्यातलाच माणूस हवा.

चाचणीला गेलं की काय होतं?

१. आधी समुपदेशक बोलतो. खोली वेगळी असते. तो चारित्र्याचा हिशेब विचारायला बसलेला नसतो, धोका किती होता हे समजून घेत असतो.

२. तुमची संमती घेतली जाते. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही.

३. रक्त घेतलं जातं. पहिल्या चाचणीत विषाणूचा संशय आला तर वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन चाचण्या करूनच बाधित असल्याचं सांगितलं जातं. एका किटवर निर्णय होत नाही.

४. निकाल तुमच्याच हाती, पुन्हा समुपदेशनासह मिळतो.

५. निकाल पॉझिटिव्ह आला तर समुपदेशक एआरटी केंद्रात पाठवतो आणि जोडीदाराची व मुलांची चाचणी सुचवतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. संसर्ग झाल्यावर काही आठवडे चाचणीत तो दिसत नाही. या काळाला 'विंडो पिरियड' म्हणतात. नुकताच धोका घेतला असेल तर समुपदेशक सांगेल त्या तारखेला पुन्हा चाचणी करा.

आणि धोका गेल्या तीन दिवसांतला असेल, म्हणजे सुई टोचली किंवा बलात्कार झाला, तर थांबू नका. ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात गेलं तर संसर्ग टाळणारी औषधं सुरू करता येतात. ती २८ दिवस घ्यावी लागतात. जितक्या लवकर तितकं चांगलं.

पॉझिटिव्ह आलं, म्हणजे सगळं संपलं का?

नाही. वेळेवर औषध सुरू केलं आणि रोज घेतलं तर माणूस इतरांसारखं दीर्घ आयुष्य जगू शकतो. शेती करू शकतो, नोकरी करू शकतो, लग्न करू शकतो, मूल होऊ देऊ शकतो.

औषधाने रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण इतकं खाली येतं की चाचणीत ते सापडतही नाहीत. ते तसंच टिकलं तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे जगभरातल्या अभ्यासांतून सिद्ध झालं आहे. हे तपासण्यासाठी 'व्हायरल लोड' चाचणी असते आणि तीही मोफत होते.

बाळाचं काय? काहीच उपचार घेतले नाहीत तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. उपचाराने ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. त्यासाठी गरोदरपणात लवकर चाचणी, आईला गोळी, दवाखान्यात बाळंतपण आणि बाळाला जन्मल्याबरोबर औषध, एवढं लागतं. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांची असताना होते आणि पक्का निकाल १८ महिन्यांनी. त्यामुळे आई अमरावतीहून माहेरी यवतमाळला गेली तरी बाळाची तारीख चुकू नये, हे समुपदेशकाला आधी सांगून ठेवावं.

अडचण येते ती गोळ्या सुटल्यावर. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडेल म्हणून केंद्रात जाणं टळतं. घरात कोणाला सांगितलेलं नसतं म्हणून गोळ्या लपवून ठेवल्या जातात आणि पाहुणे आले की राहून जातात. मध्येच सुटलेल्या गोळ्यांमुळे विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. कामासाठी बाहेरगावी जाणार असाल तर केंद्रात तसं सांगा. जास्त दिवसांच्या गोळ्या देता येतात, किंवा दुसऱ्या जिल्ह्यातल्या, मुंबईतल्याही, केंद्रात नाव हलवता येतं.

कायदा काय सांगतो?

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा संसदेने २०१७ मध्ये केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. त्यातल्या कामाच्या गोष्टी:

• संमतीशिवाय चाचणी नाही, आणि संमतीशिवाय कोणाला सांगणं नाही.
• एचआयव्ही आहे म्हणून नोकरी, शाळा, दवाखाना किंवा भाड्याचं घर नाकारता येत नाही.
• नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही.
• बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षं कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाचं नाव फिरवण्याआधी हे आठवावं.
• तक्रारीसाठी राज्यात लोकपाल नेमण्याची तरतूद आहे.

याशिवाय संजय गांधी निराधार अनुदान योजनेत निराधार एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे. त्याचा अर्ज तहसील कार्यालयात करतात. एसटीच्या प्रवास सवलतींच्या यादीतही एचआयव्हीबाधित आहेत. लागणारी कागदपत्रं एआरटी केंद्रातला समुपदेशक सांगतो.

आज आपण कुठे आहोत?

२०२३ च्या अंदाजानुसार देशात २५ लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगत आहेत. त्यातले सुमारे ४ लाख महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. देशात नव्या संसर्गांचं वर्षाचं प्रमाण २०१० च्या तुलनेत ४४ टक्क्यांनी घटलं आहे.

आकडे कमी झाले की विषय मागे पडतो. भिंतीवरची लाल फीत फिकी होते आणि १ डिसेंबरच्या रॅलीपुरती चर्चा उरते. पण हा आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. आज गोळी घेणाऱ्याला ती आयुष्यभर घ्यायची आहे, आणि तोवर ते केंद्र, तो समुपदेशक आणि ती औषधाची खेप दर महिन्याला जागेवर हवी. मुंबईत त्याची जबाबदारी महापालिकेच्या संस्थेची आहे. अमरावती-अकोल्यात ती राज्य आणि जिल्ह्याच्या यंत्रणेची आहे, आणि गल्लीतल्या पहिल्या दवाखान्यापुरती महापालिकेचीही.

शंका असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. फोन मोफत आहे, नाव सांगायची गरज नाही. आणि ओळखीचं कोणी इर्विनच्या रांगेत दिसलंच, तर तोही त्याच्या तब्येतीसाठी आलाय एवढं समजा आणि पुढे चला.